स्टीलचा बूम की फायबरचा? जुनी बकेट गाडी घेण्याआधी

पुण्यात पथदिवे, होर्डिंग किंवा फांद्या छाटण्याची कामं घेणारे जुनी बकेट गाडी (माणसाला पाळण्यात बसवून उंचावर नेणारी) बघायला गेले की दोन प्रकार समोर येतात. एकात अख्खा बूम, म्हणजे बकेट उचलणारा लांब हात, स्टीलचा, तर दुसऱ्यात वरचा टप्पा फायबरग्लासचा, म्हणजे इन्सुलेटेड, वीज वाहू न देणारा. सगळे आधी किंमत आणि उंची विचारतात. मी विचारेन, तपासणी कोण करणार?

स्टीलचा बूम आपलं दुखणं बऱ्यापैकी दाखवतो. रंगाला बारीक चीर आणि तिच्यातून गंजाचा ओघळ दिसला, की खाली वेल्डिंगला तडा गेला असेल असं धरून चला. टर्नटेबलजवळ (बूम ज्यावर फिरतो ती बैठक) आणि बूम उचलणाऱ्या सिलिंडरच्या पिना बसतात तिथे आधी बघा. शंका आली तर डाय पेनिट्रंट चाचणी (रंगीत द्रव लावून बारीक तडे शोधणारी) करून घ्या. भोसरी-चाकण पट्ट्यात ती करणारे मिळतात. टेलिस्कोपिक, म्हणजे एकातून एक सरकणारा, बूम बाहेर येताना झटके देत असेल, तर आतले वेअर पॅड (घासणारे सरकपट्टे) झिजलेले असू शकतात. दुमडणाऱ्या बूममध्ये पिन आणि बुश सैल होतात. बाकी वेळेवर ग्रीस, बस.

फायबरचं तसं नाही. तो वरून चकचकीत दिसतो आणि आतून विश्वासघात करतो. पृष्ठभागावर धूळ, तेल आणि पावसाची ओल बसली की पृष्ठभागावरून विजेच्या गळतीचा प्रवाह वाढतो. म्हणून तो धुऊन, कोरडा करून ठेवावा लागतो आणि साधारण वर्षातून एकदा डायइलेक्ट्रिक चाचणी (जास्त दाबाची वीज लावून किती प्रवाह गळतो ते मोजणारी) लागते. बोर्ड लावायला कुणी त्यात भोक पाडलं असेल, तर ती गाडी सोडून द्या. खरी मेख होजमध्ये, म्हणजे दाबाचं तेल नेणाऱ्या नळीत आहे. फुटलेला होज बाजारात चटकन बनवून मिळतो, पण बहुधा पोलादी जाळीचा. तो इन्सुलेटेड टप्प्यात बसवला, की जाळीतून वीज वाहते आणि मधला अडसरच गेला.

शिवाय फायबर फक्त गाडीतून जमिनीकडे जाणारी वाट अडवतो. बकेटमधल्या माणसाचा हात एकाच वेळी दोन तारांना किंवा तार आणि खांबाला लागला, तर बूम काही करू शकत नाही. वाघोली, उरुळीसारख्या भागांत ११ किंवा २२ केव्हीच्या उघड्या तारांजवळ काम असेल, तर लाइन बंद करून घेणं आणि अर्थिंग करणं टळत नाही.

दोन्हींना सारखं लागू पडणारं: ठरलेलं वजन ठेवून बकेट वर न्या, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं बघा. खाली सरकली तर होल्डिंग व्हॉल्व्ह (सिलिंडरमधलं तेल अडवून धरणारा) संशयित. होजची गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. गाडी स्थिर ठेवणाऱ्या जॅकखाली फळ्या टाका, चेंबरच्या झाकणावर जॅक कधीच नको. आणीबाणीत बकेट खाली आणायचा पंपही चालवून बघा.

सोसायटीचे दिवे, होर्डिंग, रंगकाम एवढंच असेल तर स्टील घ्या. फांद्यांच्या कामाला मात्र मी फायबर म्हणेन, कारण पावसाळ्यात फांदी तारेवर टेकलेलीच सापडते. पण चाचणीचा खर्च दरवर्षी परवडत नसेल, तर फायबरच्या भरवशावर माणूस वर चढवू नका.

विकणाऱ्याकडे शेवटच्या चाचणीचा कागद मागा. नसेल, तर चाचणी आपल्यासमोर करून घ्यायची अट घाला आणि मगच इसार द्या.