फिश टँकचा लाकडी स्टँड आणि कॅनोपी: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशा गोड्या पाण्याच्या टाकीसाठी सुताराकडून लाकडी स्टँड आणि वरची कॅनोपी, म्हणजे टाकीवर बसणारी झाकणाची पेटी, बनवून घेतली, त्याला आता एक उन्हाळा आणि एक सबंध पावसाळा उलटला आहे. आमचे घर दादर पश्चिमेच्या एका जुन्या इमारतीत, समुद्रापासून जवळच आहे, त्यामुळे इथल्या हवेत काय टिकते आणि काय टिकत नाही, हे एव्हाना स्पष्ट झाले आहे.

अशा कामात सगळे जण पहिला प्रश्न वजनाचा विचारतात, आणि तो रास्तच आहे. या मापाच्या टाकीत काठोकाठ 340 लिटर पाणी मावते. काच, वाळू आणि दगड धरले तर एकूण भार सव्वाचारशे ते साडेचारशे किलोच्या घरात जातो. आयएस 875 या भारतीय मानकात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो, असा भार धरलेला आहे आणि टाकीखालची जागा तर जेमतेम अर्धा चौरस मीटर भरते. म्हणून आधी सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरना विचारून, ज्या भिंतीखाली बीम आहे तिला लागूनच स्टँड ठेवला. जुन्या इमारतीत राहणाऱ्या कोणीही ही पायरी गाळू नये.

खुद्द स्टँडच्या ताकदीची मात्र मला फारशी चिंता वाटली नाही आणि पुढेही तसे कारण घडले नाही. वरची फळी उभ्या फळ्यांवर टेकलेली असावी, म्हणजे भार लाकडातून सरळ जमिनीकडे उतरतो आणि स्क्रूवर येत नाही. मध्ये एक उभे पार्टिशन आणि मागे घट्ट बसवलेली फळी असली की स्टँड बाजूला कलत नाही. एवढी पथ्ये पाळली तर 18 मिलिमीटरचे प्लायवूड हे काम निमूटपणे करते. आमच्या सुतारकाकांचा सुरुवातीला सागवानाचा आग्रह होता. ‘ताई, प्लाय ते प्लायच,’ असे त्यांचे म्हणणे. पण भरीव लाकूड दमट हवेत आडव्या अंगाने फुगते, जुन्या घरांची दारे जुलैमध्ये चौकटीत अडकतात ती त्यामुळेच. प्लायवूडमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ही हालचाल बरीच रोखली जाते. शेवटी सांगाडा आयएस 710 प्रतीच्या मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायचा आणि दर्शनी कडांना फक्त सागवानी पट्ट्या, असा मध्यम मार्ग निघाला. पट्ट्यांसाठीचे लाकूड रे रोडच्या बाजारातून काकांनी स्वतः निवडून आणले, आणि ते देखणे आहे यात शंका नाही.

खरी परीक्षा झाली ती कॅनोपीची. स्टँडवर पाणी सांडले तर ते पुसता येते. कॅनोपीच्या आतल्या बाजूला मात्र दिवसरात्र वाफ लागत असते. आतून सनमायका लावलेला भाग पावसाळ्यानंतरही जसाच्या तसा आहे. बिघडले ते फिल्टरच्या पाइपसाठी पाडलेल्या छिद्राच्या कडेला. टाकी बसवल्यावर जागेवरच ते छिद्र पाडले गेले आणि उघडी पडलेली कड तशीच राहिली. ऑगस्टमध्ये तिथे प्लाय फुगून सनमायका उचलला गेला. फुगलेला भाग घासून, पूर्ण सुकवून त्यावर इपॉक्सीचे, म्हणजे पाणी रोखणाऱ्या रेझिनचे, दोन हात दिले, तेव्हा प्रकार थांबला. त्यामुळे वायर, पाइप आणि पंखा यांची सगळी छिद्रे कारखान्यातच पाडून त्यांच्या कडा तिथेच बंद करून घ्याव्यात, आणि हे बोलणे पैसे ठरवतानाच व्हावे.

स्क्रूंची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे: बिजागरी स्टेनलेस स्टीलची होती, तिचे स्क्रू मात्र साध्या लोखंडाचे निघाले आणि पहिल्या पावसातच गंजले. ते बदलून 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे लावले. पितळी बिजागरी सुंदर दिसते, पण पितळात तांबे असते, आणि टाकीत शोभेची कोळंबी असेल तर तांब्यावरून ठिबकणारे पाणी तिला घातक ठरू शकते, म्हणून तो मोह टाळणेच बरे.

उन्हाळ्यात कॅनोपीमुळे पाणी तापेल अशी भीती होती. मागची बाजू पूर्ण उघडी ठेवल्यामुळे आणि 12 व्होल्टचे दोन छोटे पंखे बसवल्यामुळे मे महिन्यात पाणी दीड-दोन अंशांनी उतरत होते. पावसाळ्यात हेच पंखे जवळजवळ निरुपयोगी ठरले. हवाच ओलाव्याने भरलेली असली की बाष्पीभवन मंदावते आणि त्यातून मिळणारा गारवाही. त्या दिवसांत पंख्यांचा उपयोग एवढाच की आतली वाफ साचून राहत नाही. पॉलिशच्या बाबतीत एक सूचना: नवी कॅनोपी वास पूर्ण जाईपर्यंत टाकीपासून दूर, खिडकीशी ठेवावी, कारण बंद जागेत पॉलिशची वाफ पाण्यातच उतरते.

स्टँडच्या तळाशी ग्रॅनाइटच्या पट्ट्या घातल्या आहेत, त्यामुळे लादी पुसताना पाणी प्लायला लागत नाही. जमिनीला बाल्कनीकडे उतार होता. तो स्टँडखाली पातळ पाचरी सरकवून सावरला, टाकी आणि स्टँड यांच्या मध्ये नव्हे, कारण तसे केल्यास तळाच्या काचेवर एकाच जागी ताण येतो.

साहित्य, मजुरी आणि वाहतूक मिळून खर्च सुमारे 30,000 रुपये आला. बाजारातला तयार लोखंडी स्टँड याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळाला असता आणि भार त्यानेही पेलला असता, हे मान्यच करायला हवे. फरक आहे तो दिसण्याचा आणि खालच्या कप्प्यात झाकल्या जाणाऱ्या पसाऱ्याचा.

माझी एकच तक्रार शिल्लक आहे. 30 इंचांचा स्टँड, 24 इंचांची टाकी आणि वर 9 इंचांची कॅनोपी अशी उंची झाल्यावर तळाची वाळू साफ करायला स्टुलावर चढावे लागते, आणि कॅनोपीचे झाकण फक्त पुढचा अर्धा भाग उघडत असल्याने मागच्या कोपऱ्यांपर्यंत हात पोहोचत नाही. 12 मिलिमीटर प्लायची असूनही कॅनोपी दहा किलोच्या आसपास भरते, तेव्हा दर आठवड्याला ती एकटीने उतरवणे शक्य नाही. बिजागरी मागच्या कडेला सरकवून पूर्ण झाकण वर उचलले जाईल अशी दुरुस्ती काकांनी कबूल केली आहे, आणि या वेळी नव्या छिद्रांच्या कडांना इपॉक्सी लावूनच ती बसवायची असे ठरले आहे.