बाविसाव्या वर्षी हातात काय? अकरावी, डिप्लोमा आणि भरतीची तुलना

दहावीचा निकाल लागला की आमच्या सातारा भागात घरोघरी तीच तीन वाक्यं ऐकू येतात. "सायन्सला घाल." "डिप्लोमा करून मोकळा हो." "भरतीची तयारी कर." मी दहावीला गणित शिकवतो, त्यामुळे ही चर्चा दर जूनमध्ये माझ्या टेबलाजवळ येऊन पोचते. पालक बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात, पगार लवकर कशात सुरू होतो? मी त्यांना दुसऱ्या प्रश्नावर आणायचा प्रयत्न करतो. तिन्ही वाटा साधारण बाविसाव्या वर्षी एका टप्प्याला येतात. तेव्हा मुलाच्या हातात काय असेल, आणि तोवर कुठली दारं बंद झालेली असतील?

भरतीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळी अशी नावं मिरवणाऱ्या गावांत आजोबा, वडील, काका सगळे फौजेत गेले, पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पेन्शन घेऊन परतले. घरच्यांच्या डोळ्यांपुढे तीच भरती असते. जून २०२२ मध्ये जवानांच्या भरतीची नवी अग्निपथ योजना आली (तिच्यातल्या जवानाला अग्निवीर म्हणतात) आणि हिशोब बदलला. साडेसतरा वर्षं पूर्ण झाली की अर्ज करता येतो. जनरल ड्युटीसाठी, म्हणजे साध्या जवानाच्या पदासाठी, दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ गुण पुरतात. नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. पण त्यातले ३० टक्के सेवा निधीत जमा होतात, म्हणून हातात पहिल्या वर्षी २१,००० आणि शेवटच्या वर्षी २८,००० येतात. सरकार तेवढीच भर घालतं आणि बाहेर पडताना सुमारे १० लाख ४ हजार रुपये व वरचं व्याज एकरकमी मिळतं. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. जास्तीत जास्त चौघांतल्या एकाला कायम केलं जातं.

म्हणजे अठराव्या वर्षी भरती झालेला मुलगा बाविसाव्या वर्षी चार वर्षांची शिस्त आणि दहा लाख रुपये घेऊन गावी येतो. ही लहान गोष्ट नाही. पण सोबत शिक्षण फक्त दहावीचं असेल, तर पुढची नोकरी शोधताना ते अपुरं पडतं. बारावी समकक्ष प्रमाणपत्राची सोय सेवेत असताना आहे, तरी अभ्यासाची सवय मोडायच्या आत बारावी करून जाणं केव्हाही बरं.  वयाच्या मर्यादेत बारावीनंतरही साधारण तीन वर्षं हातात राहतात. भरती पळून जात नाही.

एनडीएचं, म्हणजे बारावीनंतर फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, तसं नाही. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि बारावी अनिवार्य. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते, म्हणजे खऱ्या अर्थाने तीन-चार संधी मिळतात. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६०० गुण, त्यातलं इंग्रजी २००, आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. मग एसएसबीचे, म्हणजे अधिकारी निवडीच्या चाचण्या आणि मुलाखतीचे, पाच दिवस, तेही ९०० गुणांचे. लष्करासाठी कुठलीही शाखा चालते, हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलेली मुलं बारावीच्या वर्षी "सर, एनडीए देऊ का?" विचारत येतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. ३०० गुणांचा पेपर समोर आणि दोन वर्षांचं गणित कोरं.

निवड झाली तर एनडीएत, खडकवासल्याला, तीन वर्षं आणि पुढचं एक वर्ष, उदाहरणार्थ लष्करासाठी डेहराडूनला. प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा, पदवीही मिळते, आणि बावीस-तेविसाव्या वर्षी मुलगा लेफ्टनंट होतो. २०२२ पासून मुलीही तिथे दाखल होत आहेत. मात्र बहुसंख्य मुलांची निवड होत नाही, हे घरात आधीच मोकळेपणाने बोलायला हवं. निवड नाही झाली तरी हातात बारावी विज्ञान असतं, सीईटी देता येते, पदवीनंतर सीडीएसचं, म्हणजे पदवीधरांसाठीच्या अधिकारी परीक्षेचं, दार उघडं असतं. म्हणून या वाटेवर अपयश आलं तरी नुकसान कमी होतं.

मराठी माध्यमाच्या मुलाची खरी अडचण इंग्रजी आहे. एसएसबीला गटात उभं राहून बोलावं लागतं. ते दोन महिन्यांच्या क्लासमध्ये येत नाही. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून नेमकं हेच काम करते. राज्य सरकारची आहे, अकरावी-बारावीची दोन वर्षं मुलं तिथेच राहून शिकतात. मुलींसाठी अशीच संस्था आता नाशिकला आहे. प्रवेश परीक्षेने होतो आणि अर्ज दहावीचा निकाल लागण्याआधीच भरावा लागतो. निकालाचे पेढे वाटून झाल्यावर चौकशीला येणाऱ्यांना मला दरवर्षी हेच सांगावं लागतं.

डिप्लोमाबद्दल थोडक्यात. दहावीच्या गुणांवर प्रवेश, तीन वर्षं, आणि मग नोकरी किंवा सीईटी न देता इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला. बाविसाव्या वर्षी पदवी. शासकीय पॉलिटेक्निक मिळत असेल आणि मुलाला हाताने काम करायला आवडत असेल, तर मी बिनधास्त हो म्हणतो. आयटीआयचंही तसंच: इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांत, वेल्डर एका वर्षात, मग ॲप्रेंटिसशिप. घरात कमावतं माणूस एकच असेल, तर ही वाट सगळ्यात भक्कम. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: डिप्लोमा म्हणजे एनडीएसाठी बारावी नव्हे. अधिकारीच व्हायचं असेल, तर डिप्लोमावाल्याला पदवीपर्यंत थांबावं लागतं. अग्निवीर तांत्रिक पदांना मात्र आयटीआय आणि डिप्लोमा दोन्ही उपयोगी पडतात.

माझा कल विचाराल, तर फौजेचं वेड असलेल्या मुलाला मी अकरावी विज्ञान गणितासह घ्यायला सांगतो. वेड आहे पण पुस्तकात मन लागत नाही, त्याला आधी आयटीआय, मग भरती. दहावी झाली की लगेच भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीत टाकून दोन वर्षं नुसतं पळवणं मला पटत नाही. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढता येणं महत्त्वाचं आहे, पण त्या जोडीला बारावीचा कागदही हवा.

आणि अकॅडमीची फी भरण्याआधी मेडिकल. माझा एक विद्यार्थी दोन वर्षं पहाटे पाचला मैदानावर असायचा. लेखी निघाली, ग्राउंड निघालं, आणि रंग ओळखण्याच्या चाचणीत तो बाद झाला. त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नव्हता आणि हे त्याच्या घरच्यांना, त्याला, मलाही माहीत नव्हतं. तेव्हापासून दहावीच्या वर्गातल्या फौजेची इच्छा असलेल्या प्रत्येक मुलाला मी दिवाळीच्या सुट्टीत तालुक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचे असतात, पाच मिनिटांचं काम. सोबत तळपाय सपाट आहेत का, उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना लागतात का, कानात काही दोष आहे का, हेही बघून घ्यायला सांगतो. काही दोषांवर उपचार होतात, काहींवर होत नाहीत. रंगांच्या दोषावर होत नाही. पण ते पंधराव्या वर्षी कळलं, तर पॉलिटेक्निकचा अर्ज भरायला पुरेसा वेळ असतो.