धार्मिक चित्रांची चांदीची नाणी: कोणतं घ्यावं?

खासगी टाकसाळींची पदकं, छोट्या बेटांच्या नावाची नाणी आणि व्हॅटिकनची नाणी, मांडून ठेवलेली असताना सगळी सारखीच चकचकीत दिसतात. फरक कळतो तो विकायला गेल्यावर.

खासगी टाकसाळीचं पदक सगळ्यांत सरळ. त्यावर दर्शनी मूल्य, म्हणजे छापलेली चलनी किंमत, नसतं; त्यामुळे कायद्याने ते नाणंच नव्हे. बहुतेक वेळा वजन एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम, आणि शुद्धता ९९९, म्हणजे हजारात ९९९ भाग चांदी. घेताना चांदीच्या भावावर थोडंच जास्त द्यावं लागतं, मोडताना साधारण चांदीचा भाव येतो. भेट द्यायची असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही.

नीउए किंवा कुक बेटं या प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या देशांच्या नावाने निघणाऱ्या नाण्यांची गोष्ट वेगळी. ती बेटांवर नव्हे, परदेशी टाकसाळींत पाडली जातात. नीउएच्या एक औंसाच्या नाण्यावर आकडा बहुधा दोन डॉलरचा, आतली चांदी त्याच्या कितीतरी पट किमतीची; म्हणजे तो आकडा शोभेचाच. रंगीत छपाई, सोन्याचा मुलामा, क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र, ‘मर्यादित प्रती’ हा सगळा थाट किमतीत धरलेला असतो. माझा आक्षेप या मर्यादित प्रतींवर आहे. नवनव्या मालिका निघतच राहिल्या, तर प्रती कमी असूनही मागणी कुठून येणार? चित्र मनापासून आवडलं तर जरूर घ्या, पण गुंतवणूक म्हणून नको.

व्हॅटिकनच्या पाच युरोच्या नाण्यात चांदी सर्वांत कमी: वजन १८ ग्रॅम, शुद्धता ९२५, म्हणजे शुद्ध चांदी १६.६५ ग्रॅम. तरीही संग्राहक म्हणून मी इकडेच झुकेन. व्हॅटिकनच्या नाण्यांची मालिका १९२९ पासूनची आहे आणि ती पुरी करणारे लोक जगभर आहेत. पोपची गादी रिकामी असतानाच्या काळातली नाणी तर खास. १९७८ मध्ये दोन महिन्यांच्या आत दोन पोप वारले, त्यामुळे त्या एकाच वर्षात ५०० लिरांची (लिरा म्हणजे युरोच्या आधीचं चलन) अशी दोन वेगळी नाणी निघाली. २००५ आणि २०१३ मध्येही अशी नाणी निघाली. एरवीच्या वर्षांतल्या नाण्यांकडून मात्र एवढी अपेक्षा ठेवू नका.

तिन्हींपैकी काहीही घेतलंत तरी ते पुसून चकाकवू नका. संग्राहकांच्या लेखी घासलेल्या नाण्याचा भाव उतरतो. डबी आणि प्रमाणपत्र जपा. आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला विचारा, हेच नाणं आज परत आणलं तर किती द्याल?