कळव्याच्या क्लासमधलं डीएनए मॉडेल किट: सहा महिने वापरून

जूनमध्ये ठाणे स्टेशनजवळ, जांभळी नाक्याकडे जाताना लागणाऱ्या एका जुन्या दुकानातून मी डीएनएचं मॉडेल किट घेतलं. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणारं दुकान आहे. किंमत 1,150 रुपये. कळव्याला खारीगावात मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत डीएनए मी फळ्यावरच काढत आले. मुलं चित्र पाठ करतात, मार्कही मिळवतात, पण "दोन धागे वेगळे झाले तर पुढे काय?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. म्हणून हा खर्च केला.

दुकानातल्या काकांचे आधी आभार. "ताई, खोकं उघडून, जोडून बघा, मग पैसे द्या," असं म्हणून त्यांनी मला काउंटरवर जागा करून दिली. मी पहिली गोष्ट तपासली ती सांध्यांची. याआधी मागवलेल्या एका किटमध्ये सगळे सांधे सारखेच घट्ट होते. मधून ओढलं की बाजूची साखळीही तुटायची, आणि मुलं जमिनीवर तुकडे शोधत बसायची. या किटमध्ये बाजूच्या साखळीचे तुकडे, म्हणजे शर्करा आणि फॉस्फेट, एकमेकांत कट्ट आवाज करून बसतात, सहज निघत नाहीत. मधले बेस, म्हणजे डीएनएची चार अक्षरं (ॲडेनीन A, थायमिन T, ग्वानीन G, सायटोसीन C), मात्र हलक्या हाताने सुटतात. खऱ्या रेणूतही असंच आहे. बाजूचे बंध मजबूत, मधले हायड्रोजन बंध एकेकटे कमकुवत. त्यामुळेच पेशी डीएनए मधून उघडू शकते आणि अक्षरांचा क्रम मात्र जागचा हलत नाही. माझ्या दृष्टीने निम्मे पैसे या एका गोष्टीत वसूल झाले.

ॲडेनीन-थायमिनच्या मध्ये दोन खुंट्या, ग्वानीन-सायटोसीनच्या मध्ये तीन. चुकीची जोडी लावायला गेलं तर बसतच नाही. ॲडेनीन आणि ग्वानीन लांब, उरलेले दोन आखूड, म्हणून प्रत्येक पायरी सारख्याच रुंदीची होते. 1953 च्या फेब्रुवारीत केंब्रिजमध्ये डीएनएची रचना शोधणारा जेम्स वॉटसन पुठ्ठ्याचे तुकडे कापून टेबलावर हेच जुळवत होता, कारण वर्कशॉपमधून धातूचे तुकडे यायचे होते. जेरी डोनह्यू या सहकाऱ्याने बेसचे पुस्तकातले आकार चुकीचे असल्याचं सांगितलं, त्यानंतर जोड्या जुळल्या. मुलांना हे सांगताना मी रोझलिंड फ्रँकलिनचं नाव आधी घेते. 1952 साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये तिच्या देखरेखीखाली रेमंड गॉसलिंगने काढलेला डीएनएचा क्ष-किरण फोटो तिला न विचारता वॉटसनला दाखवला गेला. 1958 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी ती गेली. 1962 चं नोबेल वॉटसन, त्याचा जोडीदार फ्रान्सिस क्रिक आणि किंग्ज कॉलेजचे मॉरिस विल्किन्स यांना मिळालं. माझ्या वर्गात मुली जास्त आहेत. त्यांना हे माहीत असायलाच हवं.

आता दोष. खोक्यावरच्या चित्रात डीएनएचा पीळ डावा आहे! पेशीतला नेहमीचा डीएनए उजव्या पिळाचा असतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे पाण्याच्या बाटलीच्या तोंडावरचे आटे: समोरून पाहिलं की डावीकडून उजवीकडे वर चढतात. मॉडेलचा समोरचा धागा तसाच चढायला हवा. डाव्या पिळाचाही डीएनए असतो, त्याला झेड-डीएनए म्हणतात, पण त्याची ठेवण वेगळी, नागमोडी. खोक्यावरचं चित्र म्हणजे सरळ चूक आहे, आणि त्याबरहुकूम जोडणारं प्रत्येक मूल ती चूक घरी घेऊन जाणार. दुकानात सांगितलं तेव्हा उत्तर आलं, "प्रोजेक्टला नेतात, इतकं कोण बघतं?" मला वाईट वाटलं. बघायलाच तर मॉडेल असतं.

दुसरा दोष जास्त त्रासाचा. शर्करेच्या तुकड्याची दोन्ही टोकं सारखीच आहेत. खरं तर दोन धागे उलट दिशांना धावतात. धाग्याच्या एका टोकाला पाच प्राइम म्हणतात; एकाचं ते टोक वर असेल तर दुसऱ्याचं खाली. इथे दोन्ही एकाच दिशेने लावले तरी किट अडवत नाही. मी प्रत्येक शर्करेच्या पाच प्राइम बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. एक संध्याकाळ गेली त्यात, पण आता चूक लगेच दिसते. तिसरं म्हणजे पिळाच्या वेढ्यांमधल्या दोन्ही खोबणी सारख्याच रुंद आहेत. खऱ्या डीएनएत एक रुंद, एक अरुंद असते, आणि जनुकं चालू-बंद करणारी बरीच प्रथिनं धागे न उघडता रुंद खोबणीतूनच अक्षरं ओळखतात. हे मला अजूनही फळ्यावरच काढून दाखवावं लागतं.

तुकडेही कमी आहेत. प्रत्येक बेसचे सहा, म्हणजे बारा जोड्या. एक वेढा होतो, कारण खऱ्या डीएनएत वेढ्याला साधारण साडेदहा जोड्या लागतात. आपल्या पुस्तकात 10 दिल्या आहेत. पण एका डीएनएचे दोन करून दाखवायचे तर सहा जोड्यांवरच भागवावं लागतं. मॉडेलमध्ये एका जोडीला 3 सेंटिमीटर उंची लागते. माणसाच्या एका पेशीत 600 कोटींहून जास्त जोड्या असतात. मुलांनी वहीत गुणाकार केला: 1,80,000 किलोमीटर, चंद्राच्या वाटेवर जवळपास निम्मं अंतर. आणि पेशीतला खरा धागा सगळा मिळून सुमारे 2 मीटर, तोही डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात गुंडाळलेला. त्या दिवशी तास संपला तरी कोणी उठलं नाही.

मला या किटवर खरोखर सिकलसेल, हा आनुवंशिक रक्ताचा आजार, शिकवायचा होता. रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीच्या जनुकातले ACT CCT GAG GAG हे चार शब्द (तीन अक्षरांचा एक शब्द म्हणजे एक अमिनो आम्ल), नेमक्या बारा जोड्या. लावायला बसले तर ग्वानीन-सायटोसीनची एक जोडी कमी पडली. मग पहिला शब्द सोडून नऊ जोड्यांचं CCT GAG GAG केलं. मधला GAG म्हणजे ग्लुटामिक आम्ल. तो GTG झाला की तिथे व्हॅलिन येतं. त्या साखळीतल्या 146 अमिनो आम्लांपैकी हे एक बदललं की ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोऱ्यांसारखं होतं, आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. हा एका अमिनो आम्लाचा फरक व्हर्नन इनग्रॅमने 1956-57 मध्ये शोधला.

माझ्या वर्गात एक मुलगी जव्हारकडची आहे, मामाकडे राहून शिकते. शाळेतल्या तपासणीत ती सिकलसेल वाहक (जनुकाची एक प्रत बदललेली) निघाली होती, हे मला माहीत नव्हतं. ती पुढे आली आणि म्हणाली, "मॅडम, मी बदलू?" तिने मधली ॲडेनीन-थायमिनची जोडी काढली. नवा तुकडा शोधायला तिने खोक्यात हात घातला आणि थांबली. नवा तुकडा लागतच नव्हता. तीच जोडी उलटी फिरवून बसवायची, A च्या जागी T, T च्या जागी A. तिने ती बसवली, बराच वेळ बघत राहिली, मग विचारलं, "एवढंच?"

मी तिला सांगितलं, हो, एवढंच, आणि तुझ्याकडे जनुकाची दुसरी प्रत चांगली आहे. नवराही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, म्हणून लग्नाआधी त्याची तपासणी करायला लावायची. हे तिला तपासणीच्या वेळीही सांगितलं होतं म्हणे, पण चार ओळींच्या कागदावर. शनिवारी तिने आईला वर्गात आणलं आणि ती जोडी स्वतः काढून, उलटी करून दाखवली.

घ्यावं का? शिकवणाऱ्याने जरूर घ्यावं, आणि दोन संच घ्यावेत. फक्त घरी प्रोजेक्टसाठी हवं असेल तर खोक्यावरचं चित्र आधी फाडून टाका. मी दुसरा संच सांगून ठेवलाय, पुढच्या आठवड्यात येईल. या वेळचे ठिपके ती जव्हारची मुलगी देणार आहे. नेलपॉलिश तिने आणलंसुद्धा, हिरवं.