उपचार लागू पडतो आहे का : थुंकीची सूक्ष्मदर्शक तपासणी की कल्चर?

पुण्यात महापालिकेच्या दवाखान्यातून क्षयरोगाची औषधे घेणाऱ्या रुग्णाची थुंकी दोन महिन्यांनी, म्हणजे उपचाराचा पहिला टप्पा संपताना, पुन्हा तपासली जाते. सूक्ष्मदर्शकाखालील ही तपासणी स्वस्त असून तिचा निकाल साधारणतः एक-दोन दिवसांत हाती येतो; मात्र एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५,००० ते १०,००० जंतू असल्याशिवाय ते सहसा दिसत नाहीत आणि दिसलेला जंतू जिवंत आहे की औषधाने मेलेला, हे तिला सांगता येत नाही. त्यामुळे अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून घाबरून औषधे सोडणे हा सर्वांत घातक निर्णय ठरतो.

कल्चरमध्ये, म्हणजे थुंकीतील जंतू प्रयोगशाळेत पोषक माध्यमात वाढवून पाहण्याच्या तपासणीत, केवळ जिवंत जंतूच वाढतात आणि मिलिलिटरमागे १० ते १०० जंतूही त्याला पुरतात. द्रव माध्यमात ‘निगेटिव्ह’ म्हणण्यासाठी मात्र ४२ दिवस थांबावे लागते, शिवाय सुसज्ज प्रयोगशाळा लागते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात कल्चरच निर्णायक मानावे, असे माझे ठाम मत आहे. सीबीनॅट ही जंतूंचा डीएनए शोधणारी यंत्रचाचणी निदानासाठी उत्तम असली, तरी मृत जंतूंचा डीएनएही ती टिपत असल्याने उपचार लागू पडतो आहे का हे पाहण्यासाठी ती वापरू नये.