सीहॉर्स की पाइपफिश? छोट्या टँकसाठी
सीहॉर्स म्हणजे समुद्रघोडा मासा, पाइपफिश त्याच्याच कुटुंबातला सरळ, नळीसारखा मासा. भारतात असाल तर दोन्ही नाहीच, २००१ मध्ये हे अख्खं कुटुंब वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, घातलं गेलं. बाहेरदेशी असाल, टँक शंभरेक लिटरचा असेल तर माझं मत सीहॉर्स, पण टँकमध्येच जन्मलेला घ्या, तो बहुतेक वेळा फ्रोझन मायसिसवर (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले) आधीच लागलेला असतो, आधी डोळा फिरवून नीट न्याहाळतो आणि मग टक् करून ओढतो, बघतच राहावं! जठर दोघांनाही नसतं, म्हणून दिवसाला दोन-तीनदा भरवायचंच. पाइपफिश बहुतेक समुद्रातून पकडलेल्या, बऱ्याच जिवंत कोपेपॉडच (पाण्यातले अगदी बारीक जीव) खातात आणि नव्या टँकमध्ये ते संपले की खंगत जातात, फार वाईट वाटतं. ब्लूस्ट्राइप नावाची पाइपफिश त्यातल्या त्यात सोपी. सीहॉर्सला शेपटी गुंडाळायला जागा द्या, पाणी २२-२४ डिग्री ठेवा.