सॅम काही महिने वापरल्यावर: मॉडेल चांगलंच आहे, प्रश्न क्लिकचा आहे

चित्रांतल्या वस्तू आखून वेगळ्या दाखवण्यासाठी, म्हणजे प्रतिमांच्या अ‍ॅनोटेशनसाठी गेले काही महिने मी सॅमवर, म्हणजे ‘सेगमेंट एनिथिंग’ या २०२३ सालच्या मॉडेलवर चालणारं साधन वापरतोय. वस्तूवर क्लिक केला की ते तिचा आकार चित्रातून वेगळा काढतं. त्याआधी २००४ सालचं ग्रॅबकट होतं, वस्तूभोवती चौकट काढून ती वेगळी करणारी जुनी पद्धत. वेगाचं कौतुक सगळेच करतात आणि ते खरं आहे. चित्राचं जड गणित एकदाच होतं, त्यानंतर प्रत्येक क्लिकचं उत्तर ब्राउझरमध्ये साधारण ५० मिलिसेकंदांत मिळतं. तरीही काम पटकन उरकणार की रेंगाळणार, हे आपण नेमकं कुठे बोट ठेवतो त्यावर ठरतं.

शर्टाच्या खिशावर एकच क्लिक केला, तर हवंय काय? खिसा, शर्ट की अख्खा माणूस? म्हणूनच एका क्लिकवर मॉडेल तीन मास्क (वस्तूचा वेगळा काढलेला आकार) काढतं आणि प्रत्येक मास्क किती बरोबर वाटतो याचे गुणही स्वतःच देतं. साधनात तिन्ही पाहायची सोय असेल तर ती आधी चालू करा. नाहीतर सर्वाधिक गुणांचा मास्क समोर येतो आणि आपण विनाकारण दुरुस्त्या करत बसतो.

दुरुस्तीचा क्लिक कुठे करायचा, यावर बरंच काही अवलंबून आहे. मास्क चुकला की नजर कडेवर जाते आणि हातही तिथेच जातो. माझा अनुभव असा की कडेला चिकटून केलेला क्लिक वस्तूचा की पार्श्वभूमीचा हे मॉडेलला धड कळत नाही, आणि कधीकधी आधी बरोबर असलेला भागही बिघडतो. चुकीचा सर्वांत मोठा पट्टा शोधून त्याच्या मधोमध क्लिक करणं जास्त लागू पडतं. शोधनिबंधांतल्या चाचण्यांतही बहुधा असाच कृत्रिम क्लिक वापरतात आणि बरोबर मास्कशी ८५ किंवा ९० टक्के जुळणी होईपर्यंत किती क्लिक लागले ते मोजतात. दोन क्लिकांच्या मध्ये माणूस स्क्रीनकडे बघत विचार करतो, तो वेळ या आकड्यात येत नाही. (दिवसभराचा खरा थकवा तिथलाच.)

आता माझी सवय म्हणजे आधी वस्तूभोवती चौकट, मग गरज पडली तर निगेटिव्ह क्लिक, म्हणजे ‘हा भाग नको’ असं सांगणारा क्लिक. चौकटीमुळे खिसा-शर्टाचा घोळ बहुतेक मिटतो. ग्रॅबकटमध्ये चौकटीबाहेरचं सगळं पक्की पार्श्वभूमी धरलं जायचं, त्यामुळे वस्तूचा कोपरा बाहेर राहिला की तो गेलाच. सॅमला शिकवतानाच चौकटी मुद्दाम थोड्या हलवल्या होत्या, म्हणून हात जरा इकडेतिकडे झाला तरी चालतं. फार सैल चौकट मात्र शेजारची वस्तूही ओढून आणते.

सायकलच्या आऱ्या, केस, तारेची जाळी इथे क्लिक वाढवून फारसं काही होत नाही. मूळ मॉडेलमध्ये चित्राची लांब बाजू १०२४ पिक्सेलवर आणली जाते आणि मास्क २५६ बाय २५६ वर काढून मग मोठा केला जातो. जो तपशील त्यात उरलाच नाही, तो क्लिकने कुठून येणार? नुसतं झूम करूनही उपयोग नाही. तेवढा तुकडा कापून वेगळं चित्र म्हणून द्यावा लागतो. केसांसाठी मी अजून ब्रशच हातात घेतो.

टीममध्ये वापरणार असाल तर एक गोष्ट आधी लिहून ठेवा: पिशवी धरलेल्या माणसाच्या मास्कमध्ये पिशवी येते की नाही. एकाच चित्रावर दोघांनी वेगळ्या जागी क्लिक केले तर दोन्ही मास्क स्वच्छ दिसतात, गुणही चांगले मिळतात, आणि तरीही ते जुळत नाहीत. साधन यावर कसलीही सूचना देत नाही.